सर्टिफिकेटवर पोट भरत नाही



जिल्हा बैठकीचा अंक म्हटला की कापूस, कांदा, वीजबिल आणि कर्ज एवढेच विषय असायचे, असा काही नियम नाही. या वेळी एका वेगळ्या मालाबद्दल लिहितो आहे. हा माल शेतात पिकत नाही, घरात पिकतो. तयार व्हायला वीस वर्षे लागतात. त्याच्या फीपायी गोठ्यातली गाय जाते, आईच्या गळ्यातली पोत सोसायटीच्या कर्जाआधी सावकाराकडे जाते. आणि हा माल पहिल्यांदा बाजारात उतरतो तेव्हा त्याला भाव मिळतो शून्य रुपये. वर गाडीभाडे आपले, मुक्काम आपला, जेवण आपले. कांदा विकून आडत्यालाच पैसे देऊन घरी येण्याला आपण उलटी पट्टी म्हणतो. ही त्याच जातीची उलटी पट्टी आहे.

हा माल म्हणजे आपली कॉलेजात शिकणारी पोरे-पोरी. आणि हा बाजार म्हणजे समाजसेवी संस्थांमधली बिनपगारी ‘इंटर्नशिप’.

हे आले कुठून?

संस्थेत जाऊन काम शिकणे ही नवी गोष्ट नाही. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली, तेव्हापासून ‘फिल्डवर्क’ हा या शिक्षणाचा भाग आहे. समाजकार्य महाविद्यालयातली मुले आठवड्याचे काही दिवस वस्तीत, दवाखान्यात, संस्थेत जातात. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली. तिचे सात दिवसांचे शिबिर आपल्यातल्या बहुतेक गावांनी पाहिले आहे. शेती महाविद्यालयाच्या मुलांचे ‘रावे’ही गावाला ठाऊक आहे. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ती मुले येतात, माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया दाखवतात.

आता मात्र हे थोड्या मुलांपुरते राहिले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंटर्नशिप किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे आवश्यक केले. त्याला ‘क्रेडिट’ असतात. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचे काम, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. कल्पना वाईट नाही. पुस्तकाबाहेरचे जग मुलांनी पाहावे, याला कोणता शेतकरी नाही म्हणेल?

पण तालुक्याच्या गावी बी.ए. करणाऱ्या पोराने हे १२० तास भरायचे कुठे? तिथे ना कारखाना, ना कंपनी. फार तर एखादी जिनिंग, एखादी पतसंस्था. मग कॉलेजचे सर सांगतात, एखाद्या एनजीओचे पत्र आणा. एनजीओ म्हणते, या. आणि १२० तासांचे पुढे एक महिना, दोन महिने कधी होतात ते पोराला कळत नाही, कारण सर्टिफिकेट संस्थेच्या हातात असते.

पट्टी वाचा

आमच्या भावकीतल्या एका मुलीचा हिशेब मांडतो. मुलीचे आणि संस्थेचे नाव सांगत नाही. नावाने काही फरक पडत नाही, असा हिशेब तुमच्याही घरात निघेल. मुलगी समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला. संस्था शहरात, काम ग्रामीण महिलांचे. मुदत दोन महिने.

कॉट बेसिसवर जागा, दोन महिन्यांचे ६,००० रुपये. मेस ५,६०० रुपये. बसचा खर्च २,००० रुपये. गावागावांत सर्व्हेला जाण्यासाठी पदरचे ९०० रुपये. एकूण १४,५०० रुपये.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात ते ४,००० च्या आसपास विकले गेले, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे पोरीने दोन महिने समाजसेवा शिकावी म्हणून बापाने साडेतीन क्विंटलांहून जास्त सोयाबीन ओतले.

तिने काय केले? दोनशेच्यावर कुटुंबांचे फॉर्म भरले. ते कॉम्प्युटरवर चढवले. इंग्रजी अहवालाचे मराठी केले. देणगीदार पाहुणे आले तेव्हा खुर्च्या मांडल्या आणि फोटोही काढले. कामाचे दिवस भरले ५०. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. खडी फोडणाऱ्या माणसाच्या त्या दराने धरले तरी ५० दिवसांचे १४,८५० रुपये होतात. खिशातून गेले १४,५००, न मिळालेली मजुरी १४,८५०. बेरीज २९,३५० रुपये.

हातात काय आले? एक सर्टिफिकेट आणि संस्थेचे नाव छापलेला एक टी-शर्ट.

शहरातला एखादा व्यापारी त्याच संस्थेला एवढी रक्कम देता तर त्याला पावती मिळाली असती, प्राप्तिकरात सवलत मिळाली असती, वार्षिक अहवालात ‘आमचे हितचिंतक’ म्हणून नाव छापले गेले असते. शेतकऱ्याच्या पोरीने तेवढेच दिले आणि तिच्याकडूनच आभाराचे पत्र लिहून घेतले, ‘मला संधी दिल्याबद्दल’.

घरच्या मजुरीचे जुने दुखणे

हा डाव आपल्याला ओळखीचा आहे. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना सरकारी कागदावर तीन रकाने असतात. ए-२ म्हणजे रोख झालेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत मिळवली की ए-२ अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलाचे व्याज धरले की सी-२. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, ती ए-२ अधिक एफएलवर. सी-२ वर झाली नाही. घरच्या माणसाचा घाम खर्चात धरायचा की नाही आणि किती धरायचा, यावर आपली सगळी लढाई चालत आली आहे. नवरा-बायको, पोरे पहाटेपासून राबतात, पण ती ‘घरचीच’ म्हणून त्यांची मजुरी फुकट, हे आपण कधी मान्य केले नाही.

मग तीच पोरगी संस्थेत राबली की तिची मजुरी ‘शिकण्याची’ म्हणून फुकट, हे कसे मान्य करायचे? शेतात आपण घामाचे दाम मागायचे आणि संस्थेच्या ऑफिसात ‘अनुभव मिळतोय ना’ म्हणून गप्प बसायचे?

संस्थावाल्यांची तीन उत्तरे

पहिले उत्तर: मुले शिकायला येतात, त्यांचा उपयोग कमी आणि आम्हाला व्यापच जास्त.

यात थोडे खरे आहे. पहिले आठ-दहा दिवस नवखा माणूस दुसऱ्याचा वेळ खातो. पण सालगडीसुद्धा पहिल्या दिवशी आपली विहीर, आपली बैलजोडी ओळखत नसतो. म्हणून कोणी त्याचे पहिले दोन महिने बुडवत नाही. आणि शिकवणे हे काम मानता, तर ते दाखवा. त्या पोराला कोणी शिकवले, आठवड्यातून किती तास शिकवले, काय शिकवले याची वही ठेवा. दोन महिने फॉर्म भरून घेणे हे शिक्षण नव्हे. पहिले दहा फॉर्म शिक्षण आहे. पुढचे दोनशे मजुरी आहे.

सरकारलाही हे कळते. उमेदवारी करणाऱ्या कामगारासाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात विद्यावेतन द्यावेच लागते. डॉक्टरकीच्या इंटर्नला विद्यावेतन असते. कृषी पदवीच्या ‘रावे’च्या मुलांसाठी २०१५ साली ‘स्टुडंट रेडी’ योजना आली, तिच्यात महिन्याला ३,००० रुपये विद्यावेतन ठरले. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तिच्यात प्रशिक्षणार्थी बारावी झालेला असेल तर महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधर असेल तर १०,००० रुपये ठरवले. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या ५०० कंपन्यांतल्या इंटर्नशिपसाठी महिना ५,००० रुपये जाहीर केले. यातल्या दोन्ही २०२४ च्या योजना जाहीर झाल्या तेव्हा पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हत्या. म्हणजे पदवी संपल्यावर शिकाऊ माणसाला पैसे द्यावे लागतात हे सरकारला पटले आहे, आणि पदवी संपण्याआधी एक वर्ष तोच माणूस हवेवर जगतो असे सरकारला वाटते.

दुसरे उत्तर: आमची संस्था गरीब आहे. आम्ही कुठून देणार?

गरीब संस्था आहेत. तालुक्यात पत्र्याच्या खोलीत चालणाऱ्या, कार्यकर्त्याचे मानधन चार-चार महिने थकलेल्या संस्था मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, त्याचा फास अशा संस्थांनाच जास्त बसला. पण मग खरे बोला. तुमच्या दारात पैसे घेऊन येणारा देणगीदार इमारतीला पैसे देतो, गाडीला देतो, बोर्डाला देतो. राबणाऱ्या माणसाला द्यायची वेळ आली की त्याला तो ‘वायफळ खर्च’ वाटतो. त्याच्याशी भांडायचे सोडून तुम्ही पोरांच्या बापाच्या खिशात हात घालता, कारण बाप भांडत नाही.

आणि सगळ्याच संस्था गरीब नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्यातला पैसा संस्थांकडे येतो. त्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाला मानधन देऊ नका, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तेव्हा कायद्याकडे बोट दाखवू नका. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात हॉटेलच्या सभागृहाचा रकाना बसतो, तर इंटर्नच्या मेसचा रकानाही बसेल.

तिसरे उत्तर सगळ्यांत लबाड आहे: ही सेवा आहे, सेवेचे मोल पैशात करू नका.

सेवा आम्हाला शिकवू नका. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत आपल्या मुलांनी कुदळ-फावडे चालवले ते कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. आपल्या आंदोलनातही बायाबापड्या पदरची भाकरी बांधून येतात, तुरुंगात जातात, कोणी मजुरी मागत नाही. पण ते स्वतःच्या मागणीसाठी येतात. त्यांच्या नावावर कोणी अनुदान उचलत नाही. नापास होण्याच्या भीतीने कोणी येत नाही. ज्याला नकार देता येतो त्याने दिलेल्या श्रमाला सेवा म्हणतात. क्रेडिट अडवून, सर्टिफिकेट रोखून घेतलेल्या श्रमाला आपल्या गावात दुसरा शब्द आहे. तो म्हणजे वेठ.

एका संस्थेनेच लढून मिळवलेला निकाल

समाजसेवी संस्थांच्या जगातच घडलेली एक गोष्ट या संस्थावाल्यांना सांगायला हवी. राजस्थानात तिलोनियाला बंकर रॉय यांची संस्था आहे. त्या भागात दुष्काळी कामावर मदनगंज ते हरमाडा रस्त्याचे काम चालू होते. कामावर बहुतेक दलित बाया. किमान वेतन दिवसाला ७ रुपये, पण हातात त्याहून कमी पडत होते. सरकारचे म्हणणे असे की ही मजुरी नव्हे, ही मदत आहे. दुष्काळात लोकांना आधार म्हणून काम काढले आहे, त्याला किमान वेतनाचा नियम कशाला? तसा सूट देणारा कायदाच राजस्थानने १९६४ साली केला होता.

बंकर रॉय, म्हणजे संजित रॉय, सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ साली न्यायालयाने सांगितले की माणूस अडलेला आहे म्हणून त्याला किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. मदतीचे नाव दिले तरी ती घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली बेगारच ठरते. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यातही न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले होते.

कायद्याचा कीस काढला तर इंटर्न हा मजूर नव्हे, विद्यार्थी आहे. वकील तसे म्हणतील आणि मी त्यांच्याशी कोर्टात भांडायला निघालेलो नाही. मी नीतीची गोष्ट बोलतो आहे. ‘ही मजुरी नाही, मदत आहे’ हा सरकारचा बहाणा ज्या जगातल्या माणसाने सर्वोच्च न्यायालयात हाणून पाडला, त्याच जगातल्या संस्था आज ‘ही मजुरी नाही, संधी आहे’ असे म्हणत असतील, तर त्यांनी तो निकाल पुन्हा वाचावा.

त्याच राजस्थानात १९९० साली देवडुंगरीला मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ म्हणत तिने माहितीच्या अधिकाराची लढाई लढली. तिचे पूर्णवेळ कार्यकर्ते किमान वेतनाएवढे मानधन घेतात. मजुराला जेवढे, तेवढे कार्यकर्त्याला. त्याहून जास्त नाही, पण शून्यही नाही. साधेपणा म्हणजे फुकट राबवणे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

खरे नुकसान कोणाचे?

कोणी म्हणेल, दोन महिन्यांचा प्रश्न, चौदा-पंधरा हजारांची गोष्ट, त्यासाठी एवढा कागद कशाला खर्च करायचा? म्हणून पुढचे नीट वाचा.

संस्थांमध्ये नोकरी निघते तेव्हा पहिला प्रश्न असतो, अनुभव आहे का? अनुभव म्हणजे इंटर्नशिप. ज्याचे घर पुण्या-मुंबईत आहे तो आईच्या हातचे जेवून तीन-तीन संस्थांत फुकट काम करू शकतो. त्याच्या कागदावर तीन ओळी चढतात. ज्याचा बाप कोरडवाहू पाच एकरांचा धनी आहे, तो पोरगा एकही करू शकत नाही. किंवा जवळच्या ओळखीच्या संस्थेचा शिक्का मारून आणतो, काही न शिकता. पोरींचे तर आणखी कठीण. शहरात दोन महिने ठेवायचे म्हणजे खर्च आणि घोर दोन्ही, म्हणून पुष्कळ घरांत तिलाच आधी थांबवले जाते.

याचा परिणाम काय होतो? शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर अहवाल लिहिणाऱ्याने पीककर्जाचे नवे-जुने कधी केलेले नसते. पाणलोटावर भाषण देणाऱ्याने बारी धरून रात्री पाणी दिलेले नसते. गावाबद्दलची धोरणे ज्या टेबलावर ठरतात, त्या टेबलाकडे जाणाऱ्या जिन्याची पहिलीच पायरी आपल्या पोरांसाठी काढून घेतलेली आहे. दुष्टपणाने नसेल, पण काढून घेतलेली आहे. इंडिया शिकाऊ म्हणून भारतात येतो आणि साहेब होऊन परत जातो. भारताचा पोरगा शिकाऊ व्हायलाही परवडत नाही.

आणि दुसरे फुकटचे श्रम आपले स्वतःचे. पेरणीच्या ऐन घाईत पोरे फॉर्म घेऊन येतात. किती जनावरे, किती कर्ज, घरात कोणी मेले का, कसे मेले. विधवा बाई डोळ्याला पदर लावून सगळे सांगते. फॉर्म जातो. त्याचे पुढे काय झाले हे तिला कोणी कळवत नाही. पुढच्या वर्षी नवी पोरे, नवा फॉर्म, तेच प्रश्न. विचारणारा फुकट, सांगणारी फुकट, आणि या दोघांच्या फुकटातून जो अहवाल तयार होतो तो मात्र फुकट नसतो.

काय करायचे?

नुसता शिव्याशाप देऊन उपयोग नाही. जिल्हा बैठकीपुढे पाच मागण्या ठेवतो आहे. चर्चा करा, वाढवा, कमी करा, पण निर्णय घेऊन उठा.

एक. संस्थेने इंटर्नला राहणे, जेवण आणि प्रवास द्यावा. १२० तासांच्या पुढे काम घ्यायचे असेल तर दिवसाला निदान रोजगार हमीच्या दराने विद्यावेतन द्यावे.

दोन. लहान संस्थेला हे झेपणार नसेल, तर तो खर्च देणगीदाराने प्रकल्पात धरावा किंवा विद्यापीठाने द्यावा. क्रेडिट सक्तीचे करणाऱ्याने त्याच्या खर्चाचीही सोय केली पाहिजे.

तीन. कामाचे तास, काम आणि शिकवणारा माणूस पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावा. तास भरले की सर्टिफिकेट अडवता येणार नाही.

चार. गावात सर्व्हे करायचा तर आधी ग्रामसभेला सांगावे आणि नंतर त्याचे निष्कर्ष मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ते न करणाऱ्या संस्थेला दुसऱ्या वर्षी गावाने माहिती देऊ नये.

पाच. गावातली विकास सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी, बाजार समिती, दूध संघ इथे केलेले काम कॉलेजांनी इंटर्नशिप म्हणून धरावे. बाजार समितीत एक महिना बसून मापात, आडतीत आणि हिशेबपट्टीत काय चालते ते ज्या पोराने पाहिले, त्याला अर्थशास्त्र पुन्हा शिकवावे लागणार नाही.

यातली पाचवी मागणी आपल्याच हातात आहे. आपल्यापैकी कितीतरी जण सोसायटीच्या, दूध संघाच्या संचालक मंडळावर आहेत. येत्या बैठकीला येताना आपल्या सोसायटीत दोन पोरांना विद्यावेतनावर घेण्याचा ठराव करून आणा. दुसऱ्याच्या दारात मागण्याआधी आपल्या दारात देऊन दाखवू. मग संस्थावाल्यांशी बोलताना आवाज खाली ठेवायचे कारण उरणार नाही.

ज्यांच्या घरातली मुले इंटर्नशिप करून आली आहेत त्यांनी खर्चाची चिठ्ठीही बरोबर आणावी. जागा किती, मेस किती, दिवस किती, हातात काय मिळाले. अशा चिठ्ठ्या एकत्र केल्या की तो आपल्या जिल्ह्याचा उत्पादनखर्च होईल. तो घेऊन आधी कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊ, मग विद्यापीठात.

कांद्याला भाव मागताना आपण कधी लाजलो नाही. पोरीच्या घामाला भाव मागताना लाजण्याचे कारण नाही.